कोरोला विका, पण विमा तोडू नका

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. मित्राकडच्या पार्टीनंतर रात्री घरी परतताना त्यांना पोलिसांनी थांबवलं. दारू पिऊन गाडी चालवल्याचा, म्हणजे डीयूआयचा गुन्हा सिद्ध झाला आणि लायसन्स सहा महिने निलंबित झालं. ती मुदत आता संपते आहे आणि लायसन्स परत देण्याआधी डीएमव्हीला, म्हणजे तिथल्या वाहन खात्याला, एसआर-२२ हा विम्याचा दाखला हवा आहे. घरात दोन गाड्या आहेत, त्यांची २०१३ची कोरोला आणि पत्नीची कर्जावरची सीआर-व्ही. दोघं आणि दोन्ही गाड्या एकाच पॉलिसीवर ठेवल्या तर वर्षाला ५,४०० डॉलर. एजंटने दुसरा मार्ग सुचवला: कोरोला विका, पत्नीच्या पॉलिसीतून तुमचं नाव वगळा (१,९०० डॉलर), स्वतःसाठी ‘नॉन-ओनर’ पॉलिसी घ्या आणि तिच्यावर एसआर-२२ भरा (१,१०० डॉलर). वर्षाला २,४०० वाचतात. ते विचारतात, ‘तीन वर्षांचे ७,२०० डॉलर घराच्या डाउन पेमेंटला लागतील. करू का असं?’

नमस्कार. सांगलीला आईवडिलांना अजून काही सांगितलेलं नाही, हेही तुम्ही लिहिलंत. एवढ्या मोकळेपणाने विचारलंत, म्हणून मीही स्पष्टच सांगतो. कोरोला जरूर विका. मात्र एजंट म्हणतो त्या पद्धतीने नको.

आधी एक गैरसमज दूर करू. एसआर-२२ हा वेगळा विमा नाही. ‘या माणसाकडे कायद्याने लागतं तेवढं कव्हर आहे’ असं तुमची विमा कंपनी डीएमव्हीला देते तो दाखला, इतकंच. त्याची फी किरकोळ असते. महाग झाला आहे तो तुमचा विमा, आणि तो डीयूआयमुळे.

आता नॉन-ओनरकडे येऊ. ही पॉलिसी ज्याच्याकडे गाडी नाही त्याच्यासाठी असते. कधीतरी मित्राची गाडी मागून चालवली आणि कुणाचं नुकसान झालं, तर ती भरून देते. घरातल्या, रोज हाताशी असलेल्या गाडीला ती लागू होत नाही. आणि पत्नीच्या पॉलिसीतून तुमचं नाव वगळलं की तुम्ही सीआर-व्ही चालवत असताना तीही पॉलिसी एक डॉलर देणार नाही. म्हणजे दोन पॉलिस्यांचे पैसे भरायचे आणि घरातल्या एकुलत्या एका गाडीत बसल्यावर कव्हर शून्य.

‘मी ती गाडी चालवणारच नाही’ असं तुम्ही लिहिलं आहे आणि तुमचा हेतू खरा आहे, यात मला शंका नाही. पण किल्ली तर चपलांच्या रॅकशेजारी खुंटीला लटकलेली असणार. तुमची मुलगी चार वर्षांची आहे. पत्नी कामानिमित्त परगावी गेलेली असताना रात्री दोन वाजता पोरीला १०३ ताप चढला, तर तुम्ही उबर शोधत बसाल? मी तरी बसलो नसतो. त्या दहा मिनिटांत कुणाला धक्का लागला, तर समोरच्याचं हॉस्पिटलचं बिल थेट तुमच्या बचतीवर येईल. वाचवलेले ७,२०० तिथे कुठल्या कुठे जातील.

म्हणून तिसरा मार्ग. कोरोला विका, सीआर-व्ही ही एकच गाडी ठेवा, तिच्या पॉलिसीवर तुम्ही दोघंही चालक म्हणून राहा आणि एसआर-२२ त्याच पॉलिसीवर भरा. हा कोट, म्हणजे याचा प्रीमियम किती पडेल तो आकडा, तुम्ही मागवलेलाच दिसत नाही. एका कंपनीचा एजंट नको, चार-पाच कंपन्यांकडे विचारणारा स्वतंत्र ब्रोकर गाठा. एजंटच्या ३,००० पेक्षा हजार-बाराशे जास्त पडले तरी मी हाच घेईन. तुम्हाला पालो आल्टोला आठवड्यातून दोनच दिवस जायचं असतं, ते कॅलट्रेन या लोकल रेल्वेने जमेल.

प्रीमियम कमी करायला लायबिलिटी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचं कव्हर, किमान पातळीवर आणायचाही तुमचा विचार आहे. तो सोडा. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून किमान मर्यादा दुप्पट केली, तरी ती एका जखमी माणसामागे ३०,००० आणि एका अपघातामागे ६०,००० डॉलरच आहे. इथल्या इस्पितळात ३०,००० किती दिवस पुरतात, ते तुम्हाला प्रसूतीच्या बिलावरून माहीत आहे. निदान १ लाख आणि ३ लाखांचं कव्हर घ्या. कोलिजनला, म्हणजे अपघातात आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या कव्हरला, हात लावता येणार नाही, गाडीवर कर्ज आहे तोवर बँक ते मागणारच. डिडक्टिबल, म्हणजे दाव्यातला आपण स्वतः भरायचा वाटा, मात्र वाढवता येईल.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती विम्यात खंड पडण्याची. साधारण तीन वर्षं हे फायलिंग अखंड चालू राहायला हवं. पॉलिसी बंद पडली की कंपनी डीएमव्हीला एसआर-२६, म्हणजे कव्हर संपल्याची सूचना, पाठवते आणि लायसन्स पुन्हा निलंबित होतं. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांचं असंच झालं. बँकेने त्यांना नवीन कार्ड दिलं, ऑटोपेवर जुनंच कार्ड राहिलं, हप्ता परत गेला आणि सूचनेचं पत्र जुन्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर पडून राहिलं. निलंबित लायसन्सवर आपण गाडी चालवतोय, हे त्यांना कळलं तेव्हा आठवडे उलटले होते. तुम्ही सहा महिन्यांचा प्रीमियम एकरकमी भरा. कोरोला विकून येणाऱ्या पैशांतून पुढच्या सहा महिन्यांची रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि तिला हात लावू नका. कंपनी बदलायची झाली, तर नवीन फायलिंग डीएमव्हीकडे पोचल्याची खात्री करून मगच जुनी पॉलिसी बंद करा.

तीन वर्षांनी प्रीमियम पूर्वीसारखा होईल, हे गृहीतही काढून टाका. एसआर-२२ संपेल, पण कॅलिफोर्नियात डीयूआयनंतर दहा वर्षं गुड ड्रायव्हर सवलत मिळत नाही आणि ती निदान २० टक्के असते. घराच्या हप्त्याचं गणित मांडताना गाडीचा विमा या चढ्या दरानेच धरा.

डिसेंबरात पुतण्याच्या मुंजीला कोल्हापूरला जायचं म्हणता. तिकिटं काढण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा, त्याची फी या सगळ्यातला सर्वांत आवश्यक खर्च समजा. डीयूआयच्या अटकेवरून पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करण्याचा अधिकार अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला आहे आणि ते २०१५ पासून तो वापरत आले आहेत. इथल्या नोकरीला त्याने लगेच धक्का लागत नाही, पण भारतात गेल्यावर व्हिसाचं नवीन स्टँपिंग आणि वैद्यकीय तपासणीसाठी अडकून पडलात, तर पगार थांबू शकतो.

तोवर एका गाडीचा, दोन चालकांचा, १ लाख आणि ३ लाखांचा कोट मागवा. आकडा ४,२०० च्या वर गेला तर कळवा, पुन्हा हिशेब मांडू.