बिलातल्या जास्तीच्या कुप्या

प्रश्न : आईला न दिलेली इंजेक्शनं बिलात दिसतात. पैसे विमा कंपनीनं भरले, मग आमचं काय बिघडलं?

उत्तर : विम्यातून वर्षभरात मिळू शकणारी रक्कम तेवढी घटली. शिवाय बिल पटावं म्हणून नसलेला आजार कागदावर चढवला असेल, तर पुढचे डॉक्टर तो खरा धरून औषधं ठरवतात. हे जास्त वाईट.

बाबवार बिल (प्रत्येक वस्तूचा वेगळा हिशेब असलेलं) आणि नर्सच्या औषध-तक्त्याची, म्हणजे कोणतं औषध कधी दिलं त्या नोंदींची, प्रत मागा. एका वेळी एकच कुपी लागत असताना बिलात १४ आणि तक्त्यावर वेळ-सहीच्या नोंदी ९ असतील, तर ५ कुप्यांचा खुलासा लेखी मागा. लगेच चोर म्हणू नका. कधी परत गेलेल्या औषधांची वजावट राहून गेलेली असते. डिस्चार्ज कार्डावर निदान चुकीचं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या.