वाचकांचे प्रश्न : ट्रेकच्या पिशवीतला चाकू

पावसाळी ट्रेक तोंडावर आले की सामानाबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी न दुमडणाऱ्या, म्हणजे फिक्स्ड ब्लेड चाकूंविषयी आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : ऑनलाइन सात-आठ इंची, सहा मिमी जाडीचे, पाठीवर करवतीचे दाते असलेले चाकू ‘सर्व्हायव्हल’ म्हणून विकायला असतात. त्यांच्याच शेजारी चार इंची साधे. आमचा गट महिन्यातून एकदा सह्याद्रीत जातो, वर्षातून दोन-तीनदा मुक्काम असतो. कोणता घ्यावा? (एक वाचक, दादर)

चार इंची साधा. मुक्कामाच्या ट्रेकमध्ये चाकूला काय काम पडतं ते आठवून बघा. कांदे-बटाटे चिरणं, दोरी कापणं, पाकिटं फोडणं, काठीला टोक काढणं, बुटाचा तळ सुटला तर बांधायला पट्टी कापणं. यातल्या एकाही कामाला १० ते ११ सेंटिमीटरपेक्षा लांब पातं लागत नाही. फांद्या तोडायला कोयता असतो. वाड्यांवरची माणसं कमरेच्या आकडीत कोयता अडकवूनच रानात जातात, कारण राबासाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, डहाळ्या आणि चुलीसाठी जळण हे त्यांचं रोजचं काम आहे. ट्रेकरला ते काम नाही, आणि ते चाकूकडून करून घेऊही नये.

लांबीपेक्षा जाडीकडे जास्त लक्ष द्या. खरेदीत सर्वांत जास्त चूक इथेच होते. सहा मिमीचं पातं बटाट्यात शिरताना पाचरीसारखं काम करतं: अर्ध्यावर गेलं की बटाटा चिरला न जाता तडकतो. धार कितीही लावा, धारेमागचं धातूचं जाड अंग आडवं येतंच. पाठीची जाडी २.५ ते ३.२ मिमी पुरेशी. मापासाठी एक उदाहरण देतो. स्वीडनच्या मोराक्निव्ह कंपनीच्या ‘कंपॅनियन’चं पातं सुमारे १०४ मिमी लांब आणि २.५ मिमी जाड आहे. त्याच्याच ‘हेवी ड्यूटी’ प्रकारात जाडी ३.२ मिमी होते. हाच चाकू घ्या असं नाही, पण दुकानातला दुसरा कोणताही चाकू या मापाशी ताडून बघा.

पाठीवरच्या दात्यांना भुलू नका. खऱ्या करवतीचे दाते आळीपाळीने डावीउजवीकडे वाकवलेले असतात, म्हणून लाकडातली चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि करवत मोकळी फिरते. चाकूवरचे दाते सरळ रेषेत असतात. थोडे आत गेले की रुततात. शिवाय बारीक काम करताना अंगठा टेकवायची जागा ते खाऊन टाकतात.

आता पात्याचा छेद, म्हणजे पातं आडवं कापलं तर दिसेल तो आकार. स्कँडी प्रकारात पात्याच्या खालच्या भागात एकच रुंद उतार असतो. लाकूड तासायला तो उत्तम आणि धार लावायला सगळ्यांत सोपा, पण गाजरासारखी कडक भाजी तो फोडतो. फुल फ्लॅट प्रकारात पातं पाठीपासून धारेपर्यंत सलग निमुळतं होत जातं; भाजीसाठी हाच बरा. तुमच्या गटात चाकू जास्त वेळ चुलीपाशीच असणार, म्हणून आमचं मत फुल फ्लॅटला. टोक ड्रॉप पॉइंट, म्हणजे पाठ अलगद उतरत टोकाला मिळणारं असावं. क्लिप पॉइंटचं, म्हणजे टोकाजवळ पाठ कापून घेतलेल्या पात्याचं, टोक बारीक असतं आणि डबा उचकटायला वापरलं की तेच आधी तुटतं.

मूठ हातात घेतल्याशिवाय चाकू घेऊ नका. चारही बोटं मावून थोडी जागा उरायला हवी. बहुतेकांना १० ते ११ सेंटिमीटर लांबी जमते. बोट पात्यावर घसरू नये म्हणून पुढे लहानसा उंचवटा हवाच. पावसात घट्ट धरता येईल का हे बघायचं तर हात साबणाने ओला करून मूठ धरा. लाकडी मूठ दिसायला देखणी, पण पावसाळ्यात फुगते आणि सुकताना रिव्हेटांपाशी फट सोडते. रबर किंवा पॉलिप्रॉपिलीन बरं.

मुठीच्या आत जाणारा पात्याचा भाग म्हणजे टँग. मुठीच्या दोन्ही फळ्यांमध्ये पोलादाची पट्टी शेवटपर्यंत दिसली तर तो फुल टँग. मुठीच्या आत लपलेला, पण रुंद आणि निम्म्याहून जास्त लांबीचा टँगही ट्रेकच्या कामाला पुरतो. नको असतो तो खिळ्यासारखा बारीक टँग, आणि आत काडेपेटी-गळ ठेवायला पोकळ केलेली, बुडाला होकायंत्र बसवलेली मूठ. अशी मूठ पात्याच्या सांध्यापाशी सुटते, तीही नेमका जोर लावताना.

प्रश्न : १०९५ पोलादाचा चाकू जूनमध्ये ट्रेकहून आल्यावर चामड्याच्या म्यानात ठेवला. गणपतीत काढला तर तांबडा गंज आणि बारीक खड्डे. चाकू हलक्या प्रतीचा होता का? (एक वाचक, ठाणे)

चाकू हलका नव्हता, साठवण चुकली. १०९५ मध्ये सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो आणि क्रोमियम जवळपास नसतंच. पोलादाला गंजापासून वाचवणारा अदृश्य थर धरायला ढोबळमानाने ११-१२ टक्के क्रोमियम लागतं. चामडं ओल धरून ठेवतं, आणि आपल्याकडची दमट, खारी हवा उरलेलं काम करते.

तांबडा गंज खाण्याच्या सोड्याची घट्ट पेस्ट लावून नायलॉनच्या घासणीने काढा. न निघालेला भाग तेलाचा थेंब टाकून सगळ्यांत बारीक, ०००० नंबरच्या स्टील वूलने घासा. निळसर-काळे डाग राहू द्या. तो थर उलट पुढच्या गंजाला अडवतो. खड्डे जात नाहीत, पण धारेवर आले नसतील तर चाकू कामाचा आहे.

पुढच्या वेळी चाकू म्यानाबाहेर ठेवायचा. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचे दोन-तीन थेंब पात्यावर पसरा, सुती कापडात गुंडाळा आणि सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल नको, काही आठवड्यांत चिकट होतं. शिवणयंत्राचं तेल गंज रोखतं, पण याच पात्याने तुम्ही टोमॅटो कापणार आहात.

नवा घेणार असाल तर मुंबईकराने स्टेनलेसच घ्यावा: १२सी२७, १४सी२८एन, ४२०एचसी, एयूएस-८ या पोलादांपैकी कोणतंही चालेल. कडकपणा रॉकवेल मोजपट्टीवर ५६ ते ५८ असला की धार टिकते आणि घरच्या दगडावर लावताही येते. डी२ या पोलादाचं नाव फार ऐकू येतं. त्यात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असलं तरी कार्बनही दीड टक्का असतो. क्रोमियमचा मोठा हिस्सा त्या कार्बनशी बांधला जातो आणि गंज अडवायला मोकळा राहत नाही. डी२ पावसाळ्यात डागाळतो. स्टेनलेसवरही लिंबू, कोकम, मीठ रात्रभर राहू देऊ नका.

प्रश्न : असा चाकू लोकलमधून नेला तर चालतो का? आम्हाला माहुली आणि हरिश्चंद्रगडावर जायचं आहे. (एक वाचक, वसई)

तीन वेगवेगळे नियम आहेत आणि लोक सहसा पहिलाच सांगतात. शस्त्र कायदा, १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. चार इंची चाकू या मापाच्या बराच आत आहे. खंजिराचा मात्र त्या यादीत नावाने उल्लेख आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी धार असलेलं पातं घेऊच नका.

दुसरा, महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ३७. याखाली मुंबईत वेळोवेळी मनाई आदेश निघतात. कलमात चाकूचा स्पष्ट उल्लेख आहे आणि लांबीची सूट नाही. निघण्याआधी आदेश लागू आहे का ते बघा. लागू असेल तर चाकू घरी. एरवीही तो म्यानात, स्वयंपाकाच्या भांड्यांबरोबर पिशवीच्या तळाशी असावा. कमरेला लावून फलाटावर उभं राहू नये. विमानात तो फक्त चेक-इन सामानात जातो.

तिसरा नियम तुमच्या दोन्ही किल्ल्यांना थेट लागतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, आणि या कायद्यातल्या ‘शस्त्र’ शब्दाच्या व्याख्येत चाकू आहे. इथेही इंचांचा हिशेब नाही. माहुली तानसा अभयारण्यात येतो. हरिश्चंद्रगड आणि रतनगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. कर्नाळा आणि भीमाशंकरही अभयारण्यंच, आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला हीच तरतूद लागू आहे. म्हणजे मुंबईकरांच्या निम्म्या आवडत्या वाटांवर चाकू नेण्याआधी वनखात्याला विचारायला हवं. परवानगी नसेल तर भाजी घरून चिरून डब्यात न्या, दोरी मापाने कापून न्या. एका रात्रीच्या ट्रेकमध्ये चाकूवाचून खरोखर काही अडत नाही.

प्रश्न : धारवाल्याकडून चाकाच्या सहाणेवर धार लावून घेतली. पहिल्या दिवशी वस्तरा, तिसऱ्या दिवशी बोथट. असं का? (एक वाचक, गिरगाव)

धारेचं पाणी, म्हणजे पोलादाला तापवून दिलेला कडकपणा, उतरलं. चाकूचं पोलाद लालबुंद तापवून थंड करतात आणि मग पुन्हा बेताचं गरम करून त्याचा ठिसूळपणा घालवतात. अनेक पोलादांना हा दुसरा शेक साधारण २०० अंश सेल्सियसचा असतो. कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर पातळ धार क्षणात याच्या वर जाते. धारेलगत निळसर छटा दिसली तर तिथे तापमान ३०० अंशांच्या घरात पोचलं होतं असं समजा. तेवढा भाग मऊ पडला आहे. हाताने धार लावत गेलात की काही वेळांत तो झिजून खालचं चांगलं पोलाद वर येईल.

नागदेवी स्ट्रीटला हार्डवेअरच्या दुकानांत ४००/१००० ग्रिटचा दुहेरी दगड मागा (ग्रिटचा आकडा मोठा, तितका दगड बारीक). पाणी शोषणारा दगड असेल तर दहा मिनिटं भिजवा आणि खाली ओलं फडकं घाला, म्हणजे सरकत नाही. कोन मापायला कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडा: ९०, ४५, साडेबावीस. पातं त्या कोनाच्या किंचित आत धरलं की दर बाजूला २० अंश मिळतात. धारेच्या उतारावर मार्करची रेघ ओढा आणि दोन हात मारा. शाई फक्त वरच्या अंगाची गेली तर पाठ थोडी उचला. फक्त कडेची गेली तर पाठ खाली घ्या.

आता ४०० वर एकाच बाजूने, मुठीपासून टोकापर्यंत, घासत राहा. किती हात मारायचे हा हिशेब नाही. पलीकडच्या बाजूला नखाला अडकणारी बारीक कंगोऱ्याची रेघ सबंध लांबीवर लागली की बाजू बदला. नवशिक्यांची धार इथेच फसते: कंगोरा यायच्या आधी ते बाजू बदलतात आणि दोन उतार एकमेकांना मिळतच नाहीत. दुसऱ्या बाजूलाही कंगोरा आला की १००० वर तेच करा, दाब कमी करत करत. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या खरबरीत बाजूवर, पाठ पुढे ठेवून, दर बाजूला दहा-पंधरा हात. कंगोरा राहिला तर चाकू त्या दिवशी छान कापतो आणि पहिल्याच भाजीत तो कंगोरा दुमडतो.

स्कँडी पात्याला कोन मापायचा नसतो. रुंद उतार दगडावर सपाट टेकवा, तोच कोन.

प्रश्न : चाकूच्या पाठीने फेरो रॉडवर (खरवडून ठिणगी पाडायच्या धातूच्या कांडीवर) ठिणगी पडत नाही. स्टेनलेस असल्यामुळे का? (एक वाचक, मुलुंड)

नाही. जुन्या चकमकीत ठिणगी पोलादाची असे, म्हणून तिथे जास्त कार्बनचं पोलाद लागे. फेरो रॉडमध्ये जळते ती रॉडचीच खरवड. तुमच्या चाकूच्या पाठीच्या कडा गोल आहेत. मुठीजवळची तीन-चार सेंटिमीटर पाठ सपाट कानशीने काटकोनी करून घ्या. धारेने रॉड खरवडू नका, ती जाते. गवत वाळल्यापासून पाऊस पडेपर्यंत मात्र डोंगरावर गॅसचा स्टोव्हच वापरा; एका ठिणगीने वणवा लागतो. अभयारण्यात तर आग पेटवायलाच बंदी आहे.

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा आहे, शिबिरासाठी चाकू मागतो. द्यावा का? (एक आई, विलेपार्ले)

आधी शिबिराच्या आयोजकांना विचारा. त्यांनी होकार दिला तर ८ ते ९ सेंटिमीटर पात्याचा, पुढे उंचवटा असलेला, म्यानात ‘टक्’ आवाज करून बसणारा स्टेनलेस चाकू द्या. महिनाभर घरी तुमच्यासमोर वापरू दे. बोथट चाकू देऊ नका. तो जोर लावायला लावतो आणि जोर लावला की सटकतो.

त्याला इतकं पक्कं शिकवा: बसून काम करायचं आणि हात पसरून वळला तर कुणाला लागणार नाही एवढी जागा हवी. कोपर गुडघ्यांच्या पुढे ठेवून कापायचं, मांड्यांच्या मधे कधीच नाही, कारण मांडीच्या आतून मोठी रोहिणी जाते. उठायच्या आधी चाकू म्यानात. चाकू निसटला तर झेलायचा नाही, पाय मागे घ्यायचा. ताणलेल्या दोराजवळ पातं न्यायचं नाही. ताणलेला दोर नुसत्या स्पर्शाने कापला जातो. कातळटप्प्यावर चढताना चाकू गळ्यात किंवा कमरेला नको, पिशवीत हवा.

कापलंच तर स्वच्छ कापड जखमेवर ठेवून सलग दहा मिनिटं घट्ट दाबायचं, मधे उघडून बघायचं नाही. रक्त कापडातून आलं तर वरून दुसरं कापड ठेवून आणखी जोराने दाबायचं. तरी थांबलं नाही तर १०८ ला फोन. धनुर्वाताची शेवटची लस कधी दिली होती ते शिबिराच्या अर्जावर लिहून द्या.