मुलीला खो-खोला घालताय? आधी मैदान बघा

ताई, सांगलीत लेकीला खो-खोला घालताय, फार चांगलं. पण क्लबचं नाव बघण्याआधी मैदान बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, जुलैत निसरडी होते. घोटे तिथंच मुरगळतात. खडे वेचलेलं, पाणी मारून दाबलेलं तांबड्या मातीचं मैदान शोधा.

पहिले काही महिने मैदानाच्या टोकाच्या खांबावर सूर मारू देऊ नका. घाईनं शिकवला की पोरी हनुवटीवर नाहीतर कोपरावर पडतात. त्याआधी चौकात, म्हणजे मधल्या पट्टीवर आखलेल्या चौकोनात, बसणं पक्कं हवं: एक पाय पुढं, दुसऱ्याची टाच उचललेली, बोटं जमिनीला, नजर पळणारीवर. आठ जणी एकाआड एक उलट्या तोंडानं बसतात, नववी पाठलाग करते. खो पाठीमागूनच, हात लावून, मोठ्यानं द्यायचा. मिळायच्या आधी उठलं की फाउल. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागं फिरता येत नाही, मध्यपाटी, म्हणजे ती मधली पट्टीही, ओलांडता येत नाही. आपली पाळी येईपर्यंत तयार राहणं आणि दमायच्या आत दुसरीला खो देणं, हे पुढं नोकरीत-संसारात फार उपयोगी पडतं. नव्या मुली नेमक्या इथंच चुकतात, एकट्याच पळत राहतात.

बॅग तिनंच भरावी. संघात का घेतलं नाही, हे सरांना तिनंच विचारावं. तुम्ही कडेवरून ओरडू नका. नडगी दुखली तर धावणं थांबवा, दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. आणि दहावी आली म्हणून खेळ सोडवू नका, आठवड्यातले तीन दिवस तरी ठेवा.