‘तिला दुसरा विषयच मिळाला नाही का?’

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जुनं मराठी घर. बाई माझ्याकडे समुपदेशनाला एकट्याच आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बसायच्या आधी त्यांनी दार नीट लागलंय ना ते पाहिलं, मग पिशवीतून चार घड्या घातलेली झेरॉक्स काढून टेबलावर उपडी ठेवली. लेक एम. ए.ला, समाजशास्त्र. झेरॉक्स तिच्या लघुप्रबंधाच्या प्रश्नावलीची होती. विषय असा: शहरातल्या मध्यमवर्गीय विवाहित स्त्रियांना शरीरसंबंधांविषयी कोणी, कधी आणि काय सांगितलं.

“तिला दुसरा विषयच मिळाला नाही का? स्थळं बघणं चाललंय ताई आमच्याकडे. आणि खरं सांगा, सरळ मुलीला असल्यात रस असतो? तिला काही झालंय का?”

हा शेवटचा प्रश्न मी आधी घेतला, कारण धाकधूक तिथेच असते. विषय अभ्यासक्रमातला असला तरी घरात पहिली शंका मुलीवर जाते. (मुलाने हाच विषय घेतला तर ‘वाह्यात आहे’ म्हणून सोडून देतात. त्याला माझ्याकडे अजून कोणी आणलेलं नाही.) लेकीला मी वेगळं भेटले. कोणी त्रास दिलाय का, विषय गाइडनी गळ्यात मारलाय का, झोप-जेवण ठीक आहे का, सगळं विचारलं. तसलं काही नव्हतं. कुटुंबव्यवस्थेच्या पेपरात हुंडा होता, एकत्र कुटुंब होतं, वाटण्या होत्या; नवरा-बायकोच्या खोलीचं दार मात्र बंदच. ते तिला खटकलं, एवढंच. आणि समजा एखादीच्या मनात जुना सल असला, तरी असा विषय घेणं हे काही आजाराचं लक्षण नाही. क्षयरोगावर संशोधन करणाऱ्याला आपण क्षयरोगी समजत नाही.

आईंना पुढच्या खेपेला सांगितलं की हा अभ्यास शरीराचा कमी आणि रीतीभातीचा जास्त आहे. उदाहरण इथलंच दिलं. सयाजीराव महाराजांनी 1904 मध्ये बडोदे संस्थानात बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला, त्यात मुलीचं किमान वय होतं 12. तेवढंही त्या काळी पुष्कळांना रुचलं नाही. 1929 च्या सारडा कायद्याने ते 14 केलं, 1978 मध्ये 18 झालं. मुलीचं शरीर तेच. तिला ‘लग्नाची’ कधी म्हणायचं, हे दरवेळी समाजाने ठरवलं. ते कोण ठरवतं आणि का, हे तुमची लेक विचारतेय.

“पण परक्या बायकांना असलं विचारायचं?”

सरकारही विचारतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची बाई घरी येते तेव्हा लग्न कितव्या वर्षी झालं, गर्भनिरोधक काय वापरता, नवरा मारतो का, हे सगळं तिच्या प्रश्नांत असतं. मारहाणीचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, तेही एकांत मिळाला तरच विचारायचे, असा त्यांचा नियम आहे. 2019-21 च्या फेरीत गुजरातमधल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.8 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. कोणी विचारलंच नसतं, तर हा आकडा आला असता कुठून?

आकड्याने त्यांचं समाधान झालं नाही. मग मी झेरॉक्स सुलटी केली. सातवा प्रश्न होता: ‘लग्नाआधी तुम्हाला याविषयी घरातल्या कोणी सांगितलं का? काय सांगितलं?’ बाईंनी तो वाचला आणि वैतागून म्हणाल्या, “कोण सांगणार? मांडवातून निघताना आत्याबाई कानात म्हणाल्या, तो सांगेल तसं कर, ओरडू नकोस. झालं शिक्षण.” लगेच म्हणाल्या, “हे फायलीत लिहू नका हं.” (इथे लिहिलंय ते त्यांना विचारून.)

जॉन गॅग्नन आणि विल्यम सायमन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये जे मांडलं, ते आत्याबाईंनी एका ओळीत उरकलं होतं: पुढाकार कोणी घ्यायचा, गप्प कोणी राहायचं, हे नाटकाच्या संहितेसारखं आधीच हातात दिलेलं असतं. माझ्याकडे लग्नाला दहा-दहा वर्षं झालेल्या जोड्या येतात. त्यांतल्या पुष्कळांची अडचण शरीराची नसतेच, याच पाठांतराची असते.

र. धों. कर्व्यांचंही नाव मी काढलं. गणिताचे प्राध्यापक, 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून खटला झाला, तेव्हा 1934 मध्ये बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. बाई शांतपणे म्हणाल्या, “हो, पण कर्व्यांची नोकरी गेली होती ना?” गेली होती. म्हणून ‘लोकांचं काय एवढं’ असं मी कोणत्याच आईला म्हणत नाही. बोलणी तिलाच खावी लागतात.

तेव्हा व्यवहाराचं बोललो, तिघी मिळून. मुलाखती नात्यात आणि आपल्या गल्लीत घ्यायच्या नाहीत. तिथे कोणी खरं बोलत नाही आणि बोललेलं घरात राहत नाही. अठराच्या खालची मुलगी नको. अल्पवयीन मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं भाग आहे, आणि विद्यार्थिनीने ते एकटीने पेलू नये. ऐकलेल्याचा त्रास व्हायला लागला तर गाइडशी नाहीतर माझ्याशी बोलायचं. हळदीकुंकवात कोणी विचारलं तर ‘लग्न आणि कुटुंब या विषयावर काम करते’, बस्स. ते खोटं नाही, आणि सगळं शीर्षक ऐकवायला आपण कोणाचे बांधील नाही. स्थळाला मात्र दुसऱ्या भेटीत मुलीने स्वतः सांगायचं. या अटीवर बाई बराच वेळ अडून बसल्या. मी ती सोडली नाही. लग्नानंतर कपाटात प्रबंध सापडण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.

विषय त्यांना अजूनही आवडलेला नाही. मध्यंतरी एका घरून तेवढ्यावरूनच नकार आला. बाईंनी फोन करून मला अर्धा तास सुनावलं. त्या मुलाच्या आईला किती अक्कल आहे, यावर.