वाचक विचारतात : स्टिअरिंगची थरथर
प्रश्न : पुणे-बंगळूर महामार्गावर ताशी ८० किलोमीटरच्या पुढे स्टिअरिंग थरथरते आणि वेगाबरोबर घुमणारा आवाजही वाढतो. दोष इंजिनात असेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : उभ्या गाडीत इंजिनाचा वेग वाढवूनही आवाज येत नसेल, तर दोष बहुधा चाकांकडे आहे. ठरावीक वेगालाच येणारी थरथर सहसा चाकांचे बॅलन्सिंग (चाकाभोवतीच्या वजनाचा समतोल) बिघडल्याची खूण असते. घुमणाऱ्या आवाजाकडे मात्र, कळकळीने सांगतो, दुर्लक्ष करू नका. पन्हाळ्याच्या घाटात उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो. तेव्हा आवाज वाढून डावीकडे वळताना तो कमी होत असेल, तर डाव्या बाजूचे व्हील बेअरिंग (चाक सहज फिरू देणारा आतला भाग) झिजले असण्याचा संभव मोठा आहे. कोल्हापुरातील उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात मेकॅनिकला गाडी जॅकवर उचलून चाक हाताने फिरवून पाहायला सांगा. खरखर जाणवल्यास बेअरिंग बदलेपर्यंत लांबचा प्रवास करू नका.