सॉफ्टवेअरचं नाव बदललं, म्हणून तुमचा परवाना संपत नाही

प्रश्न : घाटंजी तालुक्यातल्या एका गावात माझं कृषी केंद्र आहे. यजमानांना अर्धांगवायू झाल्यापासून दुकान मीच पाहते, मदतीला एक मुलगा आहे. 2019 मध्ये बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर 18,000 रुपये अधिक जीएसटी देऊन घेतलं. बिलावर ‘दोन युजर, लाइफटाइम लायसन्स’ असं लिहिलं आहे. आता कंपनीनं त्याचं नाव बदललं आणि मेसेज पाठवला : 31 मेनंतर जुनं बंद, नव्याला प्रत्येक युजरमागे वर्षाला 9,000 रुपये. विक्रेता म्हणतो, हे कायद्यानंच सक्तीचं झालं आहे. ओळखीचा एक जण ‘क्रॅक’ (परवान्याशिवाय सॉफ्टवेअर चालवणारी फाइल) टाकून देतो म्हणतो. गिऱ्हाइकांची सगळी उधारी त्याच कॉम्प्युटरमध्ये आहे. काय करू?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी एक सांभाळा. सॉफ्टवेअर उघडताना नव्या अटींची चौकट आली, तर ‘सहमत आहे’ हे बटण तुम्ही दाबू नका आणि दुकानातल्या मुलालाही दाबू देऊ नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10अ प्रमाणे असा इलेक्ट्रॉनिक करारही करारच असतो. जुन्या कराराच्या जागी नवा करार यायला दोन्ही पक्षांची संमती लागते, असं भारतीय करार कायद्याचं कलम 62 सांगतं. तुमची संमती अजून कंपनीच्या हातात नाही. आज तुमची बाजू भक्कम आहे ती त्यामुळेच.

आता नावाबद्दल. सॉफ्टवेअरचं नाव बदललं, किंवा कंपनीनं स्वतःचंही नाव बदललं, तरी जुन्या जबाबदाऱ्या सुटत नाहीत. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची माहिती कोणालाही पाहता येते. तुमच्या 2019 च्या बिलावरची कंपनी आणि आजची कंपनी एकच आहे का, हे तिथे तपासून घ्या. एकच असेल तर हा मुद्दा संपला. धंदा दुसऱ्या कंपनीला विकला असेल, तर नोटीस दोघांनाही पाठवायची, कारण पैसे घेतलेली कंपनी तरीही उत्तरदायी राहते. नावासोबत आकारणीची रीत बदलणं या धंद्यात नवं नाही. मायक्रोसॉफ्टचं डायनॅमिक्स नॅव्ह हे हिशेबाचं सॉफ्टवेअर 2018 मध्ये बिझनेस सेंट्रल झालं. पूर्वी एका वेळी किती जण वापरतात यावर परवाना असे, नव्यात प्रत्येक वापरणाऱ्याचा नावानिशी परवाना लागतो. नव्या गिऱ्हाइकाला कंपनीनं कोणता दर लावायचा, हा तिचा प्रश्न. पैसे देऊन झालेल्या जुन्या गिऱ्हाइकाचा हक्क मात्र ती एका मेसेजनं काढून घेऊ शकत नाही.

तरी ‘लाइफटाइम’ या शब्दावर सगळा भार टाकू नका. त्यातून घेतलेली आवृत्ती वापरत राहण्याचा हक्क मिळतो. दरवर्षी फुकट सुधारणा आणि फोनवरची मदत मिळेलच असं नाही. बिल, माहितीपत्रक, विक्रेत्याचे व्हॉट्सअॅप मेसेज आणि मूळ करारनामा एकत्र काढून ठेवा. ‘लाइफटाइम म्हणजे उत्पादन बाजारात असेपर्यंत’ अशी व्याख्या बारीक अक्षरात असेल, तर तुमची बाजू थोडी कमजोर होते, पण संपत नाही. तुम्हाला विकताना हे सांगितलं होतं का, हा प्रश्न उरतोच.

विक्रेत्याचं ‘कायद्यानं सक्ती’ हे म्हणणं बहुधा हिशेबातल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘ऑडिट ट्रेल’बद्दल असावं. ती सक्ती 1 एप्रिल 2023 पासून आहे, पण कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना. तुमचं दुकान एका व्यक्तीच्या मालकीचं आहे, कंपनी नाही, त्यामुळे त्याला ती लागू नाही. (तुमच्या भागातली शेतकरी उत्पादक कंपनी हेच सॉफ्टवेअर वापरत असेल तर तिला मात्र आहे, त्यांना जरूर सांगा.) ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, पाच कोटींवरच्या उलाढालीला लागतं. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे जे दर बदलले, ते साधारणपणे वस्तूंच्या यादीत आपल्याला स्वतःला बदलता येतात. विक्रेत्याला एवढंच म्हणा : कोणत्या कायद्याचं कोणतं कलम, ते लेखी द्या.

मला खरी काळजी तुमच्या उधारीच्या खात्यांची आहे. परवान्याचं भांडण वर्षभरही चालेल. मृगाच्या तोंडावर दुकान बंद राहिलं आणि बाकीदारांची यादीच हाती नसली, तर ते नुकसान कोणतंही न्यायालय वेळेत भरून देणार नाही. म्हणून 31 मेची वाट न बघता या आठवड्यातच सगळा डेटा बाहेर काढा : खातेनिहाय उतारे, बिलं, स्टॉक रजिस्टर, खरेदी. एक्सेलमध्ये आणि पीडीएफमध्ये, दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर. जीएसटी कायद्याच्या कलम 36 प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब जपणं ही तुमची जबाबदारी आहे, आणि कृषी अधिकारी तपासणीला आले तर खतं-औषधांची नोंद तुम्हालाच दाखवावी लागते. सॉफ्टवेअर कंपनीची. आत भरलेला हिशेब तुमचा. तो बाहेर काढायला कंपनी पैसे मागत असेल तर ती मागणीही लेखी घ्या.

त्याच वेळी प्रत्येक मोठ्या बाकीदाराचा उतारा छापा आणि तो दुकानात येईल तेव्हा ‘बाकी मान्य’ म्हणून तारखेसह सही घ्या. कापसाचा चुकारा मिळाल्यावर देतो म्हणणारी माणसं खोटी नसतात, पण उधारीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. मुदत संपण्याआधी लेखी कबुली मिळाली तर ही मुदत त्या दिवसापासून पुन्हा मोजली जाते. नुसत्या कॉम्प्युटरच्या प्रिंटला न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. सहीचा कागद त्यापेक्षा फार सोपा.

क्रॅकच्या वाटेला अजिबात जाऊ नका. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 63ब खाली किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे. आज कायदा तुमच्या बाजूनं आहे, त्या एका फाइलनं तो कंपनीच्या बाजूनं जाईल. तुमच्याकडच्या मूळ इन्स्टॉलेशन फाइलची बॅकअप प्रत ठेवायला मात्र कलम 52 परवानगी देतं. ती आजच करून ठेवा.

एवढं करूनही कंपनीनं 31 मेला सॉफ्टवेअर बंद केलंच, तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येईल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि करारात मोठ्या शहरातल्या न्यायालयाचं नाव असलं तरी तुम्ही राहता तिथे तक्रार दाखल होते. पण कंपनी पहिला आक्षेप घेईल की सॉफ्टवेअर धंद्यासाठी घेतलं, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये पॉली मेडिक्युअर विरुद्ध ब्रिलिओ टेक्नॉलॉजीज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एका कंपनीची अशीच तक्रार याच कारणानं अमान्य केली. तुमची स्थिती वेगळी आहे. स्वतः राबून केवळ पोटापाण्यासाठी वापरलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही, असं ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(7) चं स्पष्टीकरण सांगतं. म्हणून तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात यजमानांचं आजारपण, दुकान स्वतः चालवणं आणि घर त्यावरच चालतं, हे स्पष्ट लिहा. मदतीला एक मुलगा असल्यानं हा हक्क आपोआप जात नाही, पण दुकानाचा व्याप किती आहे यावर आयोग प्रश्न विचारेल, हे धरून चला. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

त्याआधी आजच कंपनीच्या ई-मेलवर आणि रजिस्टर्ड पोस्टानं एवढं पाठवा : ‘मी 2019 मध्ये दोन युजरचा कायमचा परवाना विकत घेतला आहे. बिलाची प्रत सोबत आहे. नव्या अटी आणि नवे दर मला मान्य नाहीत. माझ्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर माझ्या संमतीशिवाय बंद करू नये. माझा डेटा वापरता येईल अशा स्वरूपात काढण्याची सोय खुली ठेवावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. नुकसान झाल्यास भरपाईची जबाबदारी आपली राहील.’ पोस्टाची पावती बिलासोबत पिनअप करून ठेवा, आणि उत्तर आलं की त्याची प्रत मला पाठवा.