संगणकातील रॅम खराब आहे का, आणि ती कोणत्या प्रकारची आहे, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

आपण विचारले आहे की काही वर्षांपूर्वी जोडून घेतलेला आपला डेस्कटॉप अधूनमधून निळी स्क्रीन दाखवून बंद पडतो, दुकानदार रॅम बदलायला सांगत आहे, आणि आत कोणत्या प्रकारची रॅम आहे हे आपल्याला माहीत नाही. संगणक दुरुस्ती हेच माझे काम असल्यामुळे आग्रहाने सांगतो की, तपासणी केल्याशिवाय नवी रॅम विकत घेऊ नये. निळी स्क्रीन, मोठी झिप फाइल उघडताना येणारी त्रुटी किंवा विंडोज इन्स्टॉल होताना मध्येच थांबणे ही लक्षणे खराब रॅमची असू शकतात, पण सदोष पॉवर सप्लाय, बिघडलेली हार्ड डिस्क किंवा चुकीचा ड्रायव्हर (एखादा भाग विंडोजशी जोडून चालवणारा प्रोग्रॅम) यांमुळेही जवळजवळ असेच घडते.

प्रकार ओळखणे सोपे आहे, म्हणून ते आधी सांगतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि परफॉर्मन्समध्ये मेमरी निवडावी. तेथे एकूण क्षमता, वेग आणि किती स्लॉट (रॅमच्या पट्ट्या बसवायच्या जागा) भरलेले आहेत हे दिसते. प्रकार स्पष्ट हवा असेल तर सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम चालवावा. त्यातील मेमरी या टॅबवर डीडीआर३, डीडीआर४ की डीडीआर५ (रॅमच्या एकामागून एक आलेल्या पिढ्या) हे लिहिलेले असते आणि एसपीडी या टॅबवर प्रत्येक पट्टीची माहिती वेगळी मिळते. हा प्रोग्रॅम मूळ घड्याळाचा वेग दाखवतो आणि डीडीआर रॅम प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवते, त्यामुळे ३२०० ची रॅम तेथे सुमारे १६०० दिसते. हे पाहून दुकानदाराने फसवले असे समजून अनेक जण मला फोन करतात, पण तो आकडा बरोबरच असतो.

संगणक सुरूच होत नसेल तर पट्टीवरचे स्टिकर वाचावे. पीसी३ म्हणजे डीडीआर३ आणि पीसी४ म्हणजे डीडीआर४. त्यापुढे मोठा आकडा असेल तर त्याला ८ ने भागले की वेग मिळतो, जसे १२८०० म्हणजे १६०० आणि १९२०० म्हणजे २४००. स्टिकर निघून गेले असेल तरी खालच्या कडेची खाच आणि पिनांची संख्या पाहता येते. डेस्कटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २४० पिना असतात, तर डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींना २८८. या दोन्हींची खाच मात्र वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकाची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नये, कारण त्यात स्लॉट तुटतो. लॅपटॉपच्या पट्ट्या आखूड असतात आणि त्यांच्या पिना अनुक्रमे २०४, २६० आणि २६२ असतात. केवळ प्रोसेसरवरून अंदाज बांधू नये. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसर काही मदरबोर्डांवर (सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाट्यांवर) डीडीआर४ आणि काहींवर डीडीआर५ सोबत चालतात, म्हणून शेवटचा शब्द मदरबोर्डचाच.

आता तपासणीकडे वळू. विंडोजमध्येच विंडोज मेमरी डायग्नोस्टिक नावाची सोय आहे. ती स्टार्ट मेनूत शोधावी, संगणक रीस्टार्ट होऊ द्यावा आणि चाचणीच्या पडद्यावर एफ१ दाबून एक्स्टेंडेड हा पर्याय निवडावा. निकाल नंतर विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधील सिस्टिम या नोंदींत सापडतो. या चाचणीने दोष दाखवला तर तो गांभीर्याने घ्यावा, परंतु दोष नाही असे सांगितले तर तेवढ्यावर थांबू नये, कारण अधूनमधून डोके वर काढणारा दोष तिच्यातून निसटू शकतो. माझा भरवसा मेमटेस्ट८६ किंवा मुक्त परवान्याचा मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमवर अधिक आहे. हे पेन ड्राइव्हवरून थेट सुरू होतात, त्यामुळे विंडोजने अडवून ठेवलेला रॅमचा भागही बराचसा तपासला जातो. पेन ड्राइव्ह तयार करताना त्यावरचे सगळे पुसले जाते, हे लक्षात ठेवावे. प्रोग्रॅम सुरू होत नसेल तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रोग्रॅमला सुरू होऊ न देणारी सोय, तात्पुरती बंद करावी लागते, मात्र डिस्क कुलूपबंद ठेवणारे बिटलॉकर सुरू असल्यास त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी.

ही चाचणी रात्रभर चालू ठेवावी. रॅममधील प्रत्येक बिट म्हणजे एक अतिसूक्ष्म कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) असतो. त्यातला विद्युतभार सतत गळत असतो आणि दर काही मिलिसेकंदांनी तो पुन्हा भरला जातो. तापमान वाढले की गळती वाढते, म्हणून गार संगणकावर पहिल्या फेरीत निर्दोष ठरलेली पट्टी काही तासांनी चुका दाखवू शकते. चूक सापडली की पडद्यावर तिचा पत्ता (रॅममधील नेमकी जागा), अपेक्षित मूल्य आणि प्रत्यक्ष वाचलेले मूल्य अशी ओळ उमटते. अशी एकही ओळ चालणार नाही. अपवाद एकच: मेमटेस्ट८६ मधील हॅमर चाचणी. ती मेमरीच्या त्याच ओळींवर मुद्दाम मारा करून शेजारच्या ओळीतील बिट उलटते का हे पाहते, आणि फक्त तीच नापास झाली तर घरगुती वापरासाठी पट्टी लगेच टाकून देण्याची गरज नसते.

चूक दिसली म्हणजे पट्टीच दोषी असे मात्र ठरत नाही, आणि दुकानात हाच भाग घाईने उरकला जातो. प्रथम बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो ही वाढीव वेगाची सेटिंग सुरू आहे का ते पाहून ती बंद करावी आणि चाचणी पुन्हा घ्यावी. चुका नाहीशा झाल्या तर पट्टी मूळ वेगाला ठीक आहे. त्यानंतरही चुका राहिल्या तर संगणक बंद करून वायर काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी, कॅबिनेटच्या धातूला हात लावावा आणि मग एका वेळी एकच पट्टी, आधी एका स्लॉटमध्ये आणि मग इतर स्लॉटमध्ये, बसवून तपासावी. चुका एकाच पट्टीबरोबर सगळ्या स्लॉटमध्ये फिरल्या तर ती पट्टी खराब. कोणतीही पट्टी लावली तरी त्याच स्लॉटमध्ये आल्या तर स्लॉट किंवा मदरबोर्ड. आणि सगळीकडे विखुरलेल्या पत्त्यांवर आल्या तर पॉवर सप्लाय व प्रोसेसरकडेही पाहावे. त्याच पत्त्यावर, त्याच बिटची चूक पुन्हा पुन्हा येणे ही चिप निकामी झाल्याची जवळजवळ खात्रीची खूण आहे.

याच वेळी पट्टीच्या सोनेरी पिना उजेडात धराव्यात. कोकणातून येणाऱ्या संगणकांत दमट, खाऱ्या हवेमुळे त्यांवर काळपट पट्टा चढलेला मी अनेकदा पाहतो, आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ कापडाने तो पुसल्यावर वर्षानुवर्षे पुढे चाललेल्या पट्ट्या माझ्या माहितीत आहेत. खोडरबरानेही पिना साफ होतात, पण त्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो, म्हणून मी तो वापरत नाही.

एक विनंती मनापासून करतो. रॅमबद्दल संशय असेपर्यंत त्या संगणकावर महत्त्वाच्या फाइल हलवू नका आणि जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप घेऊ नका. रॅममध्ये उलटलेला बिट कोणतीही सूचना न देता फाइलमध्ये लिहिला जातो आणि चांगल्या प्रतीची जागा बिघडलेली प्रत घेते. पट्टी बदलायचीच ठरली तर बिलावरची वॉरंटी पाहावी, जोडीने घेतलेल्या पट्ट्या असतील तर दोन्ही परत कराव्यात, आणि नव्या पट्ट्यांवर हीच चाचणी परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी रात्रभर चालवावी.